अंदर कोई है?

"देशाचा सदरा अंगावर चढवून जो माणूस एकदा मैदानात उतरला, तो आयुष्यात पुन्हा कोणापुढे गुडघे टेकत नाही."

हे वाक्य आमच्या प्रोजेक्ट डायरेक्टरांचं. सौदी अरेबियात, जिझानच्या साइटवर, वातानुकूलित तंबूत, पाहुण्यांच्या समोर, हात छातीवर ठेवून त्यांनी ते उच्चारलं होतं. ज्यांच्याविषयी ते बोलत होते ते गृहस्थ तेव्हा तंबूत नव्हते. तिथून तीनशे मीटरवर, तेलाच्या एका नव्या टाकीच्या तळाशी दोन फुटांचं गोल भोक होतं, त्याच्यासमोर ते गुडघे टेकून बसले होते. डोकं खांद्यापर्यंत आत गेलेलं, बाहेर फक्त रुंद पाठ आणि बुटांचे तळवे. आणि आतल्या अंधारात ते हिंदीत ओरडत होते, "अंदर कोई है?"

एकदा ओरडायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं. पुन्हा ओरडायचं, पुन्हा वीस. असं तीनदा. मग उठायचं. उठणं हे वेगळं काम होतं, कारण दोन्ही गुडघ्यांतलं जे काही नरम असतं ते त्यांनी तरुणपणीच वेल्समधल्या चिखलात ठेवून दिलं होतं. टाकीच्या पत्र्याला हात टेकून, दात आवळून ते उभे राहत आणि मग माझ्याकडे बघून म्हणत, "कोणी नाही. कर सही, पेपर."

पेपर म्हणजे मी. नाशिकहून आलेला, परमिट विभागाचा माणूस. साइटवर खिळा ठोकायचा असला तरी कागद लागे आणि तो कागद माझ्या टेबलावरून सुटे. हे गुडघे टेकणारे बुवा सेफ्टी मॅनेजर होते, माझे साहेब. समोर मी त्यांना 'सर' म्हणत असे. बुवा हे नाव आम्हा मराठी माणसांच्या आपसातलं, आणि ते ठेवलं इस्माईलभाईंनी.

इस्माईलभाई श्रीवर्धनचे. आमची मेस चालवायचे. साहेब सकाळी साइटवर फिरताना नाकातून काहीतरी गुणगुणत असत. ते त्यांच्या गावच्या चर्चमधलं गाणं होतं हे पुढे कळलं. इस्माईलभाई दुसऱ्याच दिवशी मला म्हणाले, "आमच्या गावात भजनाच्या बारीला यायचे ना भजनी बुवा, अगदी तशी मान हलवतो हो हा. फक्त पेटी नाय." त्या दिवसापासून सहा फूट दोन इंचांचा, चपट्या नाकाचा, फुलकोबीसारख्या कानांचा हा गोरा माणूस आमच्यात बुवा झाला.

त्यांना कोणी 'इंग्लिश साहेब' म्हटलं की ते चालता चालता थांबत आणि बोट वर करून म्हणत, "इंग्लिश नाही." बस्स, दोनच शब्द. रागावत नसत. दिवसातून चार-पाच वेळा हे व्हायचं. फिलिपिनो फोरमनला, पाकिस्तानी क्रेनवाल्याला, जवाजातच्या, म्हणजे पासपोर्ट ऑफिसच्या, खिडकीतल्या कारकुनाला, सगळ्यांना तेच. कोणी सुधारलं नाही. वेल्स नावाचा वेगळा देश आहे यावर साइटवरच्या तीन हजार माणसांपैकी फार तर सहा जणांचा विश्वास होता, आणि त्यातला एक मी केवळ त्यांच्या हाताखाली असल्यामुळे.

बुवा बसत नसत. तुम्ही म्हणाल, गुडघ्यामुळे. मीही तसंच समजत होतो. पण गुडघे दुखणारा माणूस उभा राहत नाही, बसतो. बुवांच्या केबिनमध्ये खुर्ची होती, तिच्यावर हेल्मेटांचा ढीग असे. मीटिंगमध्ये ते भिंतीशी येरझाऱ्या घालत, त्यामुळे आमचे डायरेक्टर भाषण करताना टेनिसच्या प्रेक्षकांसारखी मान फिरवत. मेसमध्ये ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवत. इस्माईलभाईंनी त्यांच्यासाठी खिडकीजवळ एक खुर्ची राखून ठेवली होती. दर जेवणाला म्हणत, "बैठो साब, बैठो." बुवा त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून आख्खी सुरमई संपवत. चार वर्षं ती खुर्ची कोणी वापरली नाही. नव्या माणसाने ओढली तर इस्माईलभाई झारा घेऊन धावत, "ए, ती बुवांची."

खोलीतही तेच. पलंगाखाली बॅग भरलेली, चेन अर्धी लावलेली. जिझानच्या आधी ते कझाकस्तानात होते, त्याआधी नायजेरियात, त्याआधी समुद्रातल्या एका तेलाच्या फलाटावर. ज्या ज्या ठिकाणाहून घरी जायची वेळ येई त्याच्या आत ते दुसरीकडे अर्ज करत. वर्षाला मिळणारी एक महिन्याची रजा ते बारा दिवसांत संपवून परत येत. आम्ही एक-एक दिवस वाढवून मागणारी माणसं, आम्हाला हे कोडं वाटे.

कोडं त्यांनीच उलगडलं, तेही इस्माईलभाईंमुळे. एका शुक्रवारी दुपारी इस्माईलभाईंनी विचारलं, "साब, ये रग्बी क्या होता है?" बुवांनी भाताच्या डावाने टेबलावर मैदान आखलं आणि समजावलं. चेंडू हातात घेऊन पळायचं. समोरचे पंधरा जण तुम्हाला पाडणार. पलीकडच्या रेषेमागे चेंडू जमिनीला टेकवला की गुण. आपल्या गड्याला चेंडू हाताने द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे कधीच नाही.

इस्माईलभाईंनी विचार केला. मला मराठीत म्हणाले, "म्हणजे कबड्डीच. चेंडूसकट."

मी भाषांतर केलं. बुवा म्हणाले, "मी पस्तीस वर्षं लोकांना समजावतोय. याने दोन शब्दांत संपवलं."

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आम्हाला एक चित्रफीत दाखवली. जुनी, पावसाच्या रेघा असलेली, बारा सेकंदांची. बुवा देशासाठी एकच सामना खेळले होते, तोही अकरा मिनिटं, कारण दुसऱ्याचा खांदा निखळला म्हणून शेवटी त्यांना उतरवलं. त्या अकरा मिनिटांत चेंडू त्यांच्या हातात एकदाच आला. फितीत एक केसाळ तरुण चेंडू छातीशी धरून पळताना दिसतो, मग तीन माणसं त्याच्यावर पडतात, मग फक्त चिखल दिसतो. वेल्स दोन गुणांनी हरलं.

"माझ्या डाव्या हाताला आमचा एक गडी होता," बुवा म्हणाले. "माझ्याच गावचा. मोकळा. त्याच्यापुढे गवताशिवाय काही नव्हतं. मी पास द्यायला हवा होता. दिला नाही."

"दिसत नाय तो," इस्माईलभाई स्क्रीनमध्ये डोळे घालून म्हणाले.

"तो चौकटीच्या बाहेर आहे."

"मग कशावरून मोकळा होता?"

"सगळ्या गावाला माहीत आहे."

हे गाव म्हणजे एक पोलादाचा कारखाना, दोन टेकड्या आणि पाऊस. बुवा त्याच कारखान्यात होते. त्या काळात या खेळात पैसा नव्हता, शनिवारी देशासाठी पडायचं आणि सोमवारी भट्टीवर हजर व्हायचं. त्या सोमवारी गेटवरच्या पहारेकऱ्याने त्यांना विचारलं, "पास आणलास का?" पुढे कारखाना बंद पडला, गेट मोडीत गेलं, पण प्रश्न राहिला. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये. वडिलांची शवपेटी खांद्यावर घेऊन चर्चच्या पायऱ्या चढताना पुढचा माणूस अर्धवट मान वळवून म्हणाला, "फक्त डावीकडे बघायचं होतंस रे." द्वेष नव्हता त्यात. त्या गावात घडलेली ती एकच मोठी गोष्ट होती आणि ती बुवांनी केली नव्हती.

"तिथे राहता येत नाही," बुवा म्हणाले आणि खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत राहिले. "इथे मला कोणी ओळखत नाही. तुम्ही लोक मला इंग्लिश समजता. ते सहन होतं."

एवढं मोठं पाप मी प्रथमच ऐकत होतो ज्यात कोणाचं काही गेलं नव्हतं. पण बुवांचा चेहरा बघून हसू आलं नाही.

आता त्या भोकाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथे अडकलेलं आहे.

टाकीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाने आपल्या नावाची पट्टी दारातल्या फळ्यावर लटकवायची आणि बाहेर आल्यावर स्वतः काढायची. फळा रिकामा म्हणजे टाकी रिकामी. मग झाकण बसवायचं. जगभर हाच नियम आहे आणि तो चांगला आहे. फक्त तो लिहिणाऱ्यांना आपली माणसं माहीत नव्हती. आपल्याकडे एक भाऊ दुसऱ्याला म्हणतो, "मी चाललोय जेवायला, तुझी पण काढतो, तुला परत रांग नको." यात लबाडी नसते, माया असते. बुवांच्या पहिल्याच वर्षी असं झालं. फळा रिकामा, झाकण दोरीला लटकलेलं, मी कागद घेऊन उभा. बुवांना काय वाटलं कोण जाणे, ते वाकले आणि आत ओरडले. दुसऱ्या हाकेला आतून उत्तर आलं, "जी साब." एक रंगारी खांबामागे सावलीत झोपला होता. त्याची पट्टी त्याच्या सख्ख्या चुलतभावाने काढली होती, प्रेमाने.

त्या रंगाऱ्याला बुवांनी काही शिक्षा केली नाही. स्वतःलाच केली. त्या दिवसापासून एकही झाकण त्यांच्या गुडघ्यांशिवाय बंद झालं नाही. हाक हिंदीतच, कारण आत बंगाली असो, नेपाळी असो की पेशावरचा, झोपेतून जाग येण्याइतकं हिंदी सगळ्यांना येत होतं. हे कुठल्याही नियमपुस्तकात नव्हतं. पुढे ती हाक त्यांच्या तोंडात इतकी बसली की माझ्या केबिनचं दारही ते "अंदर कोई है?" म्हणून उघडत, मी समोर दिसत असताना.

मग सौदीकरणाची वर्षं आली. तशी ती आधीपासून येतच होती, पण आता कंपन्यांना रंग लागले. सौदी माणसं पुरेशी असतील तर हिरवा, नसतील तर पिवळा, त्याहून कमी तर लाल. लाल कंपनीच्या माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडकत. आमची कंपनी पिवळ्यात होती, आणि आमचे डायरेक्टर कावीळ झाल्यासारखे फिरत होते. एके दिवशी यादी लागली. कुठल्या जागा सौदी माणसाला द्यायच्या, कोणी कोणाला तयार करायचं. माझ्याकडे एक मुलगी आली, जिझानचीच, कॉम्प्युटरची पदवी घेतलेली. बुवांकडे फहद आला.

फहद सत्तावीस वर्षांचा होता, कोळ्यांच्या घरातला, इंजिनिअर. बुवांना 'या कॅप्टन', म्हणजे 'अहो कॅप्टन', म्हणे. इकडे खेळाडूला आणि मास्तरला तोच शब्द. तो वेळेवर येई, प्रश्न विचारी, वहीत लिहून घेई. त्याच्याविषयी तक्रार करायला जागाच नव्हती, हीच आमची तक्रार होती.

बुवांपुरता हिशेब सरळ होता. मोठी टाकी बंद करायच्या दिवशी फहदने सगळं एकट्याने करायचं, तेलकंपनीचे तपासनीस बघणार. तो पास झाला तर महिनाअखेर बुवा घरी. नापास झाला तर बुवांना आणखी एक वर्ष. बुवा साठीला आले होते. नव्या देशात नवा अर्ज आता कोणी घेणार नव्हतं. घरी म्हणजे त्या गावात, कायमचं.

आखातात नोकरी केलेल्या वाचकांना आमचा एक अलिखित कायदा ठाऊक असेल. आपल्या जागी येणाऱ्या माणसाला सगळं शिकवायचं, एक गोष्ट सोडून. आठ किल्ल्यांपैकी सात द्यायच्या. आठवी खिशात. मग तो माणूस खुर्चीवर बसला की काहीतरी अडतं, आणि तुम्हाला परत बोलावतात. पंपवाल्याला एका व्हॉल्व्हचा उलटा आटा माहीत असतो, स्टोअरवाल्याला एका कपाटाची युक्ती. मी माझ्या हाताखालच्या मुलीला परमिटची सगळी पद्धत शिकवली होती, फक्त ज्या तक्त्यातून नंबर आपोआप पडत त्याचा पासवर्ड सांगितला नव्हता. तिने दोनदा विचारला. मी दोनदा "इन्शाल्ला" म्हणालो. मी तिच्याशी अत्यंत आदराने वागत असे.

एका संध्याकाळी बुवांना मी हा कायदा समजावला. म्हटलं, "सर, फळा, पट्ट्या, हवेची तपासणी, सही, सगळं शिकवा त्याला. नियम तेवढाच आहे. ती हाक मात्र तुमची. पुस्तकात नाही, म्हणजे शिकवायचं बंधनही नाही. त्याने ती मारली नाही तर तपासनीसांना ती उणीव वाटेल, कारण त्या रंगाऱ्याचं प्रकरण त्यांनी वाचलं आहे. ते म्हणतील, पोरगा अजून कच्चा आहे."

बुवा येरझाऱ्या घालत होते. थांबले नाहीत.

पुढचे तीन दिवस मी ते पाहिलं, आणि मला ते बघायला नको होतं. झाकण लावायची वेळ आली की बुवा फहदला म्हणत, "जा, पेपरकडून कागद घेऊन ये." फहद माझ्याकडे येई, मी कागद देई, जरा जास्तच वेळ लावून. तेवढ्यात बुवा एकटेच भोकाशी जाऊन, हाक मारून, उठूनही मोकळे झालेले असत. फहद परत येई तेव्हा ते गुडघ्याची धूळ झटकत असत. तिसऱ्या दिवशी फहदने मला विचारलं, "कॅप्टनच्या पँटला गुडघ्यावरच माती का असते?"

मी म्हटलं, "नमाज."

बुवा कुठल्या धर्माचे हे त्याला चांगलंच माहीत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी धुळीचा वारा सुटला होता. समुद्र, क्रेन, सूर्य, सगळं एकाच मळकट रंगाचं. मी कागद घेऊन निघालो तर समोरून बुवा फहदचं मनगट धरून त्याला जवळजवळ ओढत टाकीकडे नेत होते. भोकाशी त्यांनी त्याला खाली दाबलं. स्वतःही शेजारी गुडघे टेकले. एवढ्याशा भोकासमोर दोन डोकी. 

"ओरड."

"काय, कॅप्टन?"

"अंदर कोई है. ओरड."

"पण फळा रिकामा आहे."

"फळा खोटं बोलतो. माणसं खोटं बोलत नाहीत, पण एकमेकांवर प्रेम करतात. ते जास्त वाईट. ओरड. मग वीस मोज. कमी नाही. लाज वाटली तरी वीस."

फहद ओरडला. त्याचा 'है' जरा अरबी झाला. वाऱ्यात बुवा त्याच्याबरोबर मोठ्याने मोजत होते.

उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तू सांगितलंस ते मी तीन दिवस करून पाहिलं. झोप येत नाही." मग गुडघे झटकत, "एकदा धरून ठेवला होता चेंडू. पुरे."

मी सही केली.

मोठी टाकी बंद करायचा दिवस म्हणजे परीक्षा असायला हवी होती. डायरेक्टरांनी त्याचा समारंभ केला. खडीवर लाल गालिचा. सोनेरी मुलामा दिलेला पाना, मखमली उशीवर. रियाधहून आलेले प्रमुख पाहुणे दहा वाजून सात मिनिटांनी झाकणाचा शेवटचा बोल्ट आवळणार होते. दहा-सात का, हे कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्या दिवशी बुवांना टाकीपासून वीस पावलं दूर राहायचा हुकूम होता. ते माझ्याशेजारी तंबूच्या कडेला उभे होते, म्हणजे तीन पावलं पुढे आणि तीन मागे करत होते.

फहद पांढऱ्याशुभ्र थोबमध्ये, म्हणजे पायघोळ अंगरख्यात, आला होता, डोक्यावर इस्त्रीचा रुमाल, त्यावर काळी कडी. त्याने हवेची तपासणी पाहिली. फळा पाहिला. रिकामा. तपासनीसांनी पेन पुढे केलं. दहा वाजून सहा मिनिटं. पाहुण्यांचा माणूस घड्याळ दाखवत पुटपुटला, "यल्ला, यल्ला." डायरेक्टर हसत होते. फहदने पेनचं टोपण काढलं.

शेजारी बुवा थांबले. चार वर्षांत मी त्यांना असं थांबलेलं पाहिलं नव्हतं. एवढ्या लोकांसमोर, सुटीच्या कपड्यांत, आपल्याच देशातल्या बड्या माणसाच्या पुढ्यात मजुराच्या भाषेत ओरडायचं, हे कोणी शिकवून होत नाही. त्या क्षणी फहदने नुसती सही केली असती तर बुवांना एक वर्ष मिळालं असतं. त्यांना ते माहीत होतं, मला माहीत होतं. मला वाटतं, मी मनातल्या मनात 'सही कर' म्हणत होतो.

फहदने टोपण परत लावलं. डोक्यावरचा रुमाल आणि कडी काढली, न बघता शेजारच्या माणसाच्या हातात दिली, आणि गुडघे टेकून भोकात डोकं घातलं.

शेजारचा माणूस प्रमुख पाहुणे होते. त्यांनी दोन्ही हातांत ते धरून ठेवलं.

"अंदर कोई है?"

टाकीतून आवाज घुमून परत आला. मग शांतता. कॅमेरेवाला कॅमेरा खाली घेऊन उभा. डायरेक्टरांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातून माणूस निघून गेला. माझ्या शेजारी बुवांचे ओठ हलत होते. सतरा, अठरा, एकोणीस, वीस. दुसरी हाक. पुन्हा वीस. तिसरी हाक. दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

आत कोणी नव्हतं.

फहद उठला. पांढऱ्या थोबवर गुडघ्यांच्या जागी दोन तपकिरी वर्तुळं. त्याने सही केली, पाहुण्यांकडून रुमाल घेतला, पाहुण्यांनी सोन्याच्या पान्याने बोल्ट आवळला. तो नंतर फोरमनने नेहमीच्या पान्याने पुन्हा आवळला. बुवा कोणाकडेही न बघता म्हणाले, "चांगला पास." आणि पुन्हा चालायला लागले.

तपासनीसांच्या अहवालात लिहिलं होतं, 'नियमापेक्षा अधिक काळजी.' कंपनी हिरव्यात गेली. बुवांना फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी जायचा शिक्का, मिळाली.

निरोपाला डायरेक्टरांनी त्यांना एक काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. त्यावर फुटबॉल कोरला होता आणि खाली लिहिलं होतं, 'इंग्लंडच्या महान खेळाडूस'. बुवांनी ते लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "जवळ आलात."

शेवटच्या दिवशी ते मेसमध्ये आले. इस्माईलभाईंनी सवयीने म्हटलं, "बैठो साब." बुवांनी खुर्ची ओढली आणि बसले. इस्माईलभाईंनी हातातला चहा त्यांच्यापुढे ठेवला. कोणीच काही बोललं नाही, एखादा पक्षी खिडकीत येऊन बसला की आपण बोलत नाही तसं. त्यांनी चहा प्यायला, फहदला दोन्ही हातांनी गदागदा हलवलं, इस्माईलभाईंना म्हणाले, "कबड्डी. चेंडूसकट." मग गाडी आली.

ती खुर्ची इस्माईलभाईंनी त्यानंतरही कोणाला दिली नाही.

त्या आठवड्यात मी माझ्या हाताखालच्या मुलीला पासवर्ड सांगितला. सात महिन्यांनी मलाही फायनल एक्झिट मिळाली. ही घडलेली गोष्ट म्हणून सांगतोय, कोणी सल्ला समजू नये.

नाशिकला आल्यावर बुवांना मी दोन-तीन निरोप पाठवले. बरेच महिने उत्तर नव्हतं. मी समजलो होतो की ते कुठल्या तरी वाळवंटात निसटले असणार. मग एका रविवारी त्यांच्या आवाजातला लांबलचक निरोप आला. मागे पाऊस आणि माणसांचा गलका.

ते गावातच होते. आल्यावर पहिला महिना घराबाहेर पडले नाहीत. मग एका शनिवारी जुन्या क्लबच्या मैदानावर गेले, मान खाली घालून, प्रश्न येणार याची तयारी करून. प्रश्न आला नाही. क्लबच्या तरुण सेक्रेटरीने त्यांना विचारलं, "काका, तुम्ही कधी खेळलात का हा खेळ?" ज्या गावाच्या नजरेला ते पस्तीस वर्षं चुकवत होते, त्या गावाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. बुवांच्या आवाजात थोडा अपमान होता. आता सामना संपला की क्लब बंद करायचं काम त्यांच्याकडे होतं. कपडे बदलायच्या खोलीत डोकं घालून ते "अंदर कोई है?" ओरडतात आणि वीसपर्यंत मोजतात. पोरांना वाटतं म्हातारा वेल्शमध्ये काहीतरी म्हणतोय.

आणि तिथे त्यांना तो भेटला. डाव्या हाताचा गडी. चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण. बुवा त्याच्यापाशी गेले आणि आयुष्यभर साठवलेलं ते वाक्य म्हणाले, "मी तुला पास द्यायला हवा होता."

तो म्हणाला, "कशाला? मी घसरून पडलो होतो. तू दिला असतास तरी घ्यायला तिथे कोणी नव्हतं."

बुवांनी विचारलं, हे इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाहीस.

"लोक मला रोज एक न मिळवलेला गुण देत होते," तो म्हणाला. "मी कशाला नाही म्हणू?"

मग दोघांनी शेजारी बसून उरलेला सामना पाहिला. त्यांचा क्लब सोळा गुणांनी हरला.